सुभेदारांची जीप आणि जळकं ऑइल

अयान, झोया,

तुमचा मेसेज मी सकाळी चहा गाळताना वाचला आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला. अयानने लिहिलं होतं, "दादी, ही जुनी डिझेल फोर-बाय-फोर घेतोय. तपासणीचा सगळा इतिहास पाठवलाय. दरवर्षी पास झाली आहे, सगळं हिरवं आहे. घेऊ ना?" खाली तुमच्या तिथल्या, परदेशातल्या, सरकारी वेबसाइटच्या पानाचे फोटो होते. तुमच्याकडे बरं आहे, कुठल्याही गाडीची वर्षावर्षाची तपासणी घरबसल्या कोणालाही वाचता येते. मी चष्मा पुसून सगळं वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं. गाडीचं मला काही वाटलं नाही. धक्का बसला तो तुझा. आमच्या घरातला मुलगा आणि "सगळं हिरवं आहे" म्हणतो!

हे फोनवर सांगून होणारं नाही. फोनवर तुम्ही दोघं "हो दादी, हो दादी" म्हणता आणि मागे काहीतरी वाजत असतं. इकडे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून कामाच्या आठवणी मागितल्या होत्या आणि मी टाळत होते. आता एकदाच बसून लिहिते. तुम्हाला मराठी अक्षर लागत नाही, तेव्हा तुमची आई वाचून दाखवील. अंकाच्या वाचकांनी, मी मधूनच नातवंडांशी बोलायला लागले तर चालवून घ्यावं.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण तुम्हाला वाटतं तुमच्या दादांचं, म्हणजे आजोबांचं, गॅरेज होतं आणि दादी तिथे हिशेब बघायची. कराडला हायवेच्या कडेला आमचं वर्कशॉप. माझे सासरे, त्यांना आम्ही अब्बाजी म्हणायचो, लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या लिलावात घेऊन दुरुस्त करून विकायचे. त्या गाड्यांबरोबर कागदांचा गठ्ठा यायचा आणि तो सगळा इंग्रजीत असायचा. मी पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेली. "सून इंग्रजी वाचते," म्हणून तो गठ्ठा स्वयंपाकघरात माझ्यासमोर यायला लागला. भाकरी तव्यावर आणि मांडीवर एका जीपचा जन्मापासूनचा दवाखाना. वाचता वाचता मला त्याची गोडी लागली. मग मी कागद घेऊन बाहेर गाडीपाशी जायला लागले, आणि अब्बाजींनी मला अडवलं नाही. पुढे जुनी गाडी घेणारे लोक आधी मला दाखवून मगच घ्यायला लागले.

मी पाना-स्पॅनर हातात धरत नाही. ते काम बशीरभाईंचं. ते अब्बाजींच्या हाताखाली शिकले आणि अजून आमच्याकडे आहेत. मी गाडीचे कागद आणि गाडी शेजारी शेजारी ठेवते आणि दोघं एकच गोष्ट सांगतात का ते बघते. पुष्कळदा सांगत नाहीत, आणि दर वेळी मला पहिल्यांदाच कळल्यासारखा धक्का बसतो. बशीरभाई म्हणतात, "भाभी, तुमी इतक्या वर्सांत सुधारला न्हाई."

तपासणीला आमच्याकडे पासिंग म्हणतात. पासिंग झालं याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी, त्या सपाट जागेवर, त्या गाडीचे दिवे लागले, ब्रेक लागला आणि धूर बेताचा होता. गाडी आदल्या दिवशी काय करत होती आणि दुसऱ्या दिवशी काय करणार आहे, हे पासिंग सांगत नाही. म्हणून मी पास-नापास शेवटी वाचते. आधी वाचते, गाडी राहिली कुठे ते. कोयनेच्या पावसातली गाडी खालून गंजते. जतच्या माळावरची गाडी धूळ खाऊन आतून झिजते. उसाच्या पट्ट्यातली गाडी ट्रॉल्या ओढून ओढून पाठीत बसते.

जतचंच सांगते. एक सिद्धाप्पा नावाचे गृहस्थ जीप विकायला घेऊन आले. पांढरं धोतर, कानात बाळी, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणं. गाडी बऱ्याच वर्षांची, पण कागदांवर एका पासिंगपासून दुसऱ्या पासिंगपर्यंत किलोमीटर जवळजवळ हललेच नव्हते. घेणारा गिऱ्हाईक खूश. मी विचारलं, "एवढी कमी कशी फिरली?"

"फिरलीच न्हाई की हो बाई. मळ्यात हुबीच हाय."

बशीरभाईंनी गाडी चालू केली. अंगणात असा धूर झाला की समोरच्या दुकानदाराने शटर ओढलं. किलोमीटर तरण्या गाडीचे आणि इंजिन म्हाताऱ्या गाडीचं, हे मला समजेना. मागचं उजवं चाक काढलं तर आतला ब्रेकचा ड्रम आरशासारखा चकचकीत. तो काही ब्रेकने घासलेला नव्हता, बाहेरून पट्ट्याने घासलेला होता.

"सिद्धाप्पा, या चाकाला काय बांधत होता?"

"पट्टा की."

"कशाला?"

"आता बाई! हिरीचं पानी कोन वडनार मग? माझी बायको?"

जीप विहिरीच्या काठावर दगडांवर चढवायची, एक चाक काढायचं, ड्रमवर पट्टा चढवायचा आणि पंप चालवायचा. कित्येक उन्हाळे ती जीप जागच्या जागी पाणी उपसत होती. पासिंगच्या दिवशी चाक लावून न्यायची. विहिरीवर मीटरची तार सुटी असायची, मग किलोमीटर कुठून पडणार? मी म्हटलं, "हे तुम्ही सांगितलं का नाही?" ते माझ्यापेक्षा जास्त चकित होऊन म्हणाले, "कुणी इचारलंच न्हाई की!" आणि खरंच, त्या माणसाने एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

शिराळ्याची एक जीप अशीच. मालक म्हणाले, वर्षातून एकदाच बाहेर काढतो. ते एकदा म्हणजे नागपंचमीची मिरवणूक. टपावर कर्णे, बॉनेटवर पोरं, मागे मूर्ती, आणि दिवसभर अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलाने चालायचं. क्लचप्लेट हातात घेतली तर भाजलेल्या पापडासारखी तिचा तुकडा पडला. मालक रागावले, "आवं, देवाचं काम केलंय गाडीनं, आन तुमी खराब म्हंताय?" त्यांच्या धाकट्या भावानेच उत्तर दिलं, "दादा, देवाचं काम केलंय म्हणूनच तर क्लच देवाघरी गेलाय." आणि पहिले हसले ते मालकच.

हे दोन्ही प्रसंग सांगताना मलाही आता हसू येतं. सुभेदारांच्या जीपचं मात्र येत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातलं ऊन तापलं होतं. शालन नावाची आशा सेविका वर्कशॉपवर आली. पाठीवर सॅक, पायात रबरी चपला, आणि बोलण्यात अजिबात वेळ न घालवणारी. तिची वाडी कोयनानगरच्या वर डोंगरात आहे. पावसाळ्यात तिथे एसटी चढत नाही. रुग्णवाहिका येते ती खालच्या गावात थांबते. आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, चौघांनी खांद्यावरून खाली आणायचं. वाडीतल्या लोकांनी मिळून एक जीप घ्यायची ठरवलं होतं. आणि शालनची मुलगी कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस श्रावणात भरणार होते.

"गाडी आमी बघितलीया," शालन म्हणाली. "सुभेदारांची हाय. सगळ्या खोऱ्याला म्हाईत हाय ती गाडी. पर आमच्यातल्या दोघांचा हट्ट, कराडच्या बाईंनी बघितल्याबिगर घ्यायची न्हाई. म्हणून आले. तुमी निस्तं व्हय म्हणा."

दुसऱ्या दिवशी बशीरभाई आणि मी गेलो. सुभेदार खालच्या गावातच राहत. लष्करातून निवृत्त, ताठ माणूस, दारात दगडांना चुना मारलेला. जीप सावलीत उभी होती आणि मी इतकी वर्षं जुन्या गाड्या बघते आहे, पण अशी राखलेली जीप बघितली नव्हती. सुभेदारांनी फाइल आणून दिली. खाजगी गाडीला इथे दरवर्षी तपासणीची सक्ती नाही. सुभेदार मात्र स्वतःहून दर पावसाळ्याआधी आणि दर दिवाळीला तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये तपासून घ्यायचे आणि प्रत्येक कागद क्रमाने लावलेला. तुम्हाला माहीत आहे, मी मसाल्याच्या डब्यांनाही चिठ्ठ्या लावते. मला तर ती फाइल घरी न्यावीशी वाटली.

एकही दोष कुठे नाही. प्रत्येक पानावर "उत्तम". अयान, तुझ्या भाषेत सगळं हिरवं.

पण एक गोष्ट मला खुपली. दर दिवाळीला रबराचे बुश बदललेले. बुश म्हणजे स्प्रिंग आणि सांगाडा जिथे जोडतात तिथली रबराची गादी. आणि दरवर्षी कुठल्या तरी एका चाकाचा ब्रेकचा रबरी पाइप बदललेला, या वर्षी मागचा, पुढच्या वर्षी पुढचा. त्याच घाटात इतर जीपगाड्यांचे बुश वर्षानुवर्षं टिकत होते. मग हिचेच का जातात?

"भाभीजी, घाट हाय," सुभेदार म्हणाले. "घाटात गाडी नाचती. आन आपन खराब व्हायची वाट बघत न्हाई. टाइम झाला की बदली."

"पण दरवर्षी?"

शालनला राहवलं नाही. "मावशी, बदललंय म्हंजे चांगलंच की. जुनं ठेवलं असतं तर तुमी नावं ठेवली असती. आता नवं घातलंय तरी नावं ठेवताय."

बशीरभाई खाली सरकून बघून आले. पाठीला काळं तेल लागलेलं, चेहरा खुललेला. "भाभी, खाली तर लोणी हाय. गंजाचा ठिपका न्हाई. ऑइल मारलंय झकास." कोयनेच्या खोऱ्यात मिरगाच्या पावसाआधी गाडीला खालून इंजिनाचं जुनं, जळकं ऑइल मारतात. तिथे ते घराच्या पत्र्यावर डांबर फिरवण्याइतकं नेहमीचं आहे. आम्हा दोघांनाही त्यात वेगळं काही दिसलं नाही.

तरी माझ्या तोंडून होकार निघेना. मी म्हटलं, "ही गाडी वाडीपर्यंत वर नेऊ आणि भार घालून खाली आणू. मग सांगते."

शालनने कपाळाला हात लावला. "हार-नारळ आणून ठेवलाय वर. बरं, चला. वरच पूजा करू."

सुभेदार स्वतः चालवायला बसले. दुसऱ्याच्या हातात ते गाडी देत नसत. वर जाताना जीप नुसती गात होती. वाडीवर बाया ताट घेऊन उभ्या होत्या. कोमल पोट सांभाळत पुढे आली. तिने मागच्या लांब सीटवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "हितं आडवं व्हता येतं का?"

सुभेदार म्हणाले, "बेटा, निवांत. तुझ्यासाठीच तर हाय."

शालन म्हणाली, "मग बस की आत्ताच. खाली जातोयच, तर दवाखान्यात दाखवून येऊ."

कोमलने एक पाय आत टाकलासुद्धा. मी म्हटलं, "आज नाही. आज पोती घाला." शालन माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या पंक्तीतून कुणाला उठवलंय. पण कोमल उतरली, आणि जिथे ती बसणार होती तिथे नाचणीची दोन पोती आली. शालन आणि मी मागे पोत्यांशेजारी, बशीरभाई पुढे.

वरची वळणं नीट गेली. मग एका मोठ्या उताराला सुभेदारांचा उजवा पाय खाली गेलेला मला मागून दिसला. तो खालीच राहिला. गाडी हळू झाली नाही. त्यांनी पाय उचलून परत दाबला, परत दाबला. त्यांच्या मानेवरची शीर टरारली. ते इतकंच म्हणाले, "सगळे घट्ट धरा."

बशीरभाई ओरडले, "गियर! गियर पाडा!"

सुभेदारांनी दुसरा टाकला, मग पहिला. गिअरबॉक्समधून असा आवाज आला, जणू खालून कोणी करवत लावली. हँडब्रेक ओढला. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. त्यांनी गाडी डोंगराकडे घातली. चाक रस्त्याकडेच्या चारीत उतरलं, जीप जांभ्या दगडाच्या भिंतीला घासत, घासत गेली आणि कलून थांबली.

पोती आमच्या पायाशी येऊन आदळली होती. एक फाटलं होतं. सगळं थांबल्यावरही त्यातून नाचणी माझ्या मांडीवर सांडत होती, तेवढाच आवाज. शालनचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "मला वाटलं भूकंपच." आणि मग तिने त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मीही त्याच वेळी तिकडे पाहिलं. पोरांनो, मी अजूनही ती सीट डोळ्यांसमोर आली की हातातलं काम खाली ठेवते.

बशीरभाई पुढच्या चाकामागे पडून बघत होते. त्यांनी ब्रेकचा रबरी पाइप सोडवून आणला. तो फुटला होता. पण फुटण्याआधी तो सुजला होता. अंगठा दाबला तर आत जात होता, चहात बुडवलेल्या पावासारखा.

"सुभेदार, ह्यो पाइप कवाचा?"

"दिवाळीला टाकलाय. नवाकोरा. कागद दावला की मी भाभीजींना."

बशीरभाईंनी पाइप नाकाशी नेला. "तुमी खालून जे मारता, त्यात डिझेल घालता?"

"घालतो की. निस्तं ऑइल घट्ट असतंय. डिझेल घातलं की पातळ व्हतं, कानाकोपऱ्यात जातंय."

"मारता कशानं? बरशनं?"

"बरश कशाला? फवारणीचा पंप हाय पाठीवरचा. माझ्या हातानं मारतो. एक इंच सोडत न्हाई."

"रबरावर पन?"

"सगळ्यावर. रबरानं काय घोडं मारलंय? औंदा इकायची म्हणून दोनदा मारलं."

बशीरभाईंनी तो पाइप सुभेदारांच्या हातात दिला.

तुम्हाला समजावून सांगते. लोखंडाला तेल मानवतं. पाणी लागू देत नाही, गंज चढू देत नाही. ब्रेकच्या पाइपाचं आणि बुशाचं रबर मात्र ते तेल पितं. पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि आतून कुजतं. खोऱ्यातले बाकीचे लोक ब्रशने चार फटकारे मारतात, निम्मं काम टाकून जेवायला जातात, म्हणून त्यांचं रबर टिकतं. सुभेदारांनी लष्करातल्या शिस्तीने एकही कोपरा सोडला नव्हता. त्यांची जीप धोक्याची झाली होती ती त्यांनी तिला सगळ्यांहून जास्त जपल्यामुळे. उतारावर गाडीचा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि पुढचाच पाइप फुटला की मागच्या चाकांचं धरणं नावापुरतं राहतं.

अयान, आता तुझं ते पान काढ. त्यावर लागोपाठ तीन तपासण्यांत खाली बारीक अक्षरात एकच ओळ आहे, की गाडीचा खालचा भाग तेला-ग्रीसने झाकलेला असल्याने पाइप नीट बघता आले नाहीत. वर हिरवं आहे, मान्य. पण जे बघितलंच नाही तेही त्या हिरव्यात धरलं आहे. ती गाडी कोणीतरी खालून साबणाने धुऊन, उजेडात धरून बघेपर्यंत तू घ्यायची नाहीस. घेणारच असशील तर मला विचारलंस तरी कशाला?

सुभेदार एका दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पाइप हातात तसाच. मग म्हणाले, "नातीला रोज शाळेत सोडतो यातनं." ते परत म्हणाले, "रोज, भाभीजी. आन मारलं कुनी? मीच की."

आणि मग शालन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आमी तर जळक्या ऑइलचा डबा आणून ठेवलाय वाडीवर. गाडी आली की पयलं त्येच करणार हुतो."

"तो गाडीच्या आसपासही नेऊ नका," मी म्हटलं.

थोड्या वेळाने तिचा धीर परत आला, आणि त्याबरोबर रागही. "मग आता काय? गाडी नगं म्हनायची?"

"आज तरी नको," मी म्हटलं.

"मिरग तोंडावर आलाय. तुमी जाशीला कराडला. कोमलला घोंगड्यात घालून आणू का मी? हितनं? ह्या वळणावरनं?"

दुसरी गाडी शोधायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि या गाडीला मी हो म्हणू शकत नव्हते. बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली नेऊ आपल्याकडं. सगळं उघडून बघू. मग ठरवा तुमी."

ट्रॅक्टरने ओढून जीप कराडला आणली. खालचं झाडून सगळं रबर काढलं. ब्रेकचे पाइप, बुश, इंजिनाच्या गाद्या. त्या ढिगात एकही तुकडा धड नव्हता. मग गरम पाणी आणि साबण मारून वर्षानुवर्षांचा तो काळा थर धुतला. धुणं संपलं तेव्हा बशीरभाईंनी मला हाक मारली. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून बॅटरी मारली आणि मला दुसरा धक्का बसला. कोयनेच्या पावसात इतकी वर्षं काढलेल्या जीपच्या सांगाड्यातून बोट आरपार जाताना मी पाहिलं आहे. या सांगाड्यावर कारखान्यातला रंग तसाच होता. चेसिसचा नंबर पाटीवर लिहिल्यासारखा वाचता येत होता. सुभेदारांच्या तेलाने लोखंड खरोखरच राखलं होतं.

"आता?" बशीरभाई म्हणाले.

"रबर नवं घाला सगळं. ही गाडी वाडीला द्यायची."

सुभेदार रोज एसटीने कराडला यायचे आणि स्टुलावर बसून काम बघायचे. सगळं रबर त्यांनी स्वतःच्या खर्चाने घालून दिलं. आमचं ऐकायलाच तयार नव्हते. एकदा बशीरभाई त्यांना सहज म्हणाले, "सुभेदार, लोखंडाला मारायला हरकत न्हाई, पर बरशनं मारा, रबर झाकून." सुभेदार म्हणाले, "मी आता त्या गाडीला हात लावनार न्हाई." काम झाल्यावर मी शालनला बोलावलं. त्याच घाटात, त्याच वळणावर, भरलेल्या पोत्यांसह जीप वरखाली केली. या वेळी बशीरभाई चालवत होते. शालन रस्त्याकडेला उभी राहून प्रत्येक वेळी चाक थांबलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. मगच तिने हार घातला.

मिरगाचा पाऊस सुरू झाला तेव्हा जीप वर पोचली होती. वाडीवरचा तो जळक्या ऑइलचा डबा शालनने वाडीतल्या लाकडी दारांना मारून संपवला.

श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला. मागे पाऊस इतका होता की तिला ओरडावं लागत होतं. "मावशी, दवाखान्यात हाय. माझ्या दिरानं आणली गाडी. त्या वळणावर म्हशी आडव्या आल्या, तर जागच्या जागी हुबी राहिली."

"आणि कोमल?"

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. सुभेदार भिजत हुबं हुते खालच्या फाट्यावर, गाडी खाली उतरंपतूर. आत न्हाई बसले. निस्तं हुबं."

सुभेदार त्यानंतर कुठलीच गाडी चालवत नाहीत. नातीला हाताला धरून शाळेत सोडतात. मी खोऱ्यात जाते तेव्हा जळकं ऑइल मारणाऱ्यांना थांबवून सांगते. काही ऐकतात, काही "व्हय व्हय" म्हणून पंप परत पाठीला लावतात. ती पद्धत अजून आहे. जीपही वाडीवर आहे. यंदा पावसाआधी बशीरभाई वर जाऊन खालून बघून आले. सांगाडा शाबूत आहे, रबर कोरडं आहे, ब्रेक लागतो.